आकड्यांचा सिनेमा

टेबल म्हटलं की आपल्याला आठवतं जर्नल. आधी ऑब्झर्व्हेशन टेबल, मग ग्राफ पेपर, मग बोथट पेन्सिलीने दिलेले ठिपके. (कोणाचे ठिपके कोणाच्या जर्नलमधून येतात ते इथे लिहीत नाही, हे मासिक स्टाफरूममध्येही जातं!) तो ग्राफ एकदा काढला की विषय संपला. त्याला काही विचारता येत नाही. हा ठिपका कोणाचा? ही गर्दी जरा मोठी करून दाखव ना! कागद बिचारा गप्प.

इंटरअ‍ॅक्टिव्ह चार्ट मात्र उत्तर देतो. माउस ठिपक्यावर नेला की त्याचं नाव-गाव-आकडे समोर येतात. चौकोन ओढला की तेवढाच भाग मोठा होतो, डबल क्लिक केलं की पुन्हा पहिल्यासारखा. बाजूच्या रंगांच्या यादीत एका नावावर क्लिक केलं तर तो गट गायब, डबल क्लिक केलं तर फक्त तोच शिल्लक. असे चार्ट काढायला मी पायथॉनमधली प्लॉटली ही लायब्ररी वापरते. ती फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि २०१९ साली तिचा ‘एक्सप्रेस’ हा भाग आल्यापासून बहुतेक चार्ट एका ओळीत होतात. ‘परस्परसंवादी आलेख’ असा एक भारदस्त शब्दही मला सापडला, पण माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीला तो एका दमात म्हणता येत नाही. म्हणून आपला चार्टच बरा.

चार्टच्या आधी टेबल नीट लावावं लागतं, आणि निम्मी मेहनत इथेच जाते. मेसचं रजिस्टर डोळ्यांसमोर आणा. उभ्या तारखा, आणि आडवे तीन रकाने: नाश्ता, दुपार, रात्र. माणसाला वाचायला हे सोपं. पण लायब्ररीला सांगायचं असतं की ‘एक्सवर हा रकाना, वायवर तो, रंग त्याचा’. इथे ‘वेळ’ नावाचा रकानाच नाही, ती तीन मथळ्यांत विखुरली आहे! म्हणून टेबल लांब करायचं. रकाने असे: तारीख, वेळ, ताटं. एका दिवसाच्या तीन ओळी. पांडाज या लायब्ररीत यासाठी ‘मेल्ट’ नावाचं फंक्शन आहे. साधे चार्ट रुंद टेबलावरूनही निघतात, पण रंग, आकार, नाव असं सगळं वेगवेगळं सांगायचं तर लांबच बरं.

आता खरं टेबल घेऊ. हान्स रोसलिंग नावाचे एक स्वीडिश डॉक्टर होते (२०१७ साली वारले). २००६ च्या टेडच्या भाषणात त्यांनी जगातल्या देशांचे रंगीत फुगे पडद्यावर असे काही पळवले की लोक क्रिकेटची कॉमेंट्री ऐकल्यासारखे ऐकत राहिले. त्यांच्या गॅपमाइंडर संस्थेच्या माहितीतलं एक टेबल प्लॉटलीबरोबरच येतं. १४२ देश, १९५२ ते २००७, दर पाच वर्षांनी एक नोंद, म्हणजे बारा गुणिले १४२, एकूण १७०४ ओळी. प्रत्येक ओळीत देश, खंड, साल, सरासरी आयुर्मान, लोकसंख्या, दरडोई उत्पन्न. १७०४ ओळी वाचायला बसलात तर परीक्षेआधीच झोप!

कोड बोलून दाखवते. स्कॅटर फंक्शनला टेबल द्या. एक्सला दरडोई उत्पन्न, वायला आयुर्मान, साइजला लोकसंख्या, कलरला खंड, हॉवर-नेमला देश, अ‍ॅनिमेशन-फ्रेमला साल. झालं. खाली प्ले बटण आणि सालांचा स्लायडर आपोआप येतो. बटण दाबा, भारत १९५२ च्या ३७.४ वर्षांवरून हळूहळू वर चढत २००७ साली ६४.७ वर जाताना दिसेल. एक लक्षात ठेवा, फुगे सरकतात ते फक्त डोळ्यांना बरं दिसावं म्हणून. दोन सालांच्या मधली जागा कोणी मोजलेली नाही.

चार्ट सेव्ह करताना एचटीएमएल फाइल करा, मग ज्याला पाठवाल त्याला पायथॉन लागत नाही, ब्राउझर पुरतो. फाइल काही एमबीची होते, कारण चित्र काढणारा सगळा कोड आतच भरलेला असतो. तो बाहेर ठेवून फाइल छोटी करता येते, पण मग उघडताना नेट लागतं. हॉस्टेलवर कुठला पर्याय घ्यायचा ते सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट. वरचा चार्ट पहिल्यांदा काढला की जवळजवळ सगळं जग डाव्या भिंतीला चिकटलेलं दिसतं. कारण कुवेत. १९५७ साली कुवेतचं दरडोई उत्पन्न १ लाख १३ हजार डॉलर, भारताचं ५९०. म्हणून एक्स लॉग स्केलवर घ्यायचा, म्हणजे प्रत्येक दुप्पट समान अंतरावर. दुसरं असं की सिनेमा चालू असताना अक्ष हलू नयेत म्हणून त्यांची हद्द आधीच बांधून द्यावी लागते. इथेच बघा. या टेबलाचा जो नमुना कोड सगळे कॉपी-पेस्ट करतात, त्यात एक्स १०० ते १ लाख आणि वाय २५ ते ९० असा बांधलेला असतो. गोल आकडे, दिसायला छान. मी टेबल आयुर्मानाच्या चढत्या क्रमाने लावून पहिली ओळ बघितली. रवांडा, १९९२, २३.६ वर्षं.

२५ च्या खाली! म्हणजे त्या सिनेमात १९९२ साल येतं आणि रवांडाचा ठिपका चौकटीबाहेर पडतो. एरर येत नाही, वॉर्निंग येत नाही. १४२ मधला एक छोटा ठिपका कमी झाला हे कोणाच्या लक्षात येणार? १९५२, १९५७ आणि १९७२ ला उजवीकडून कुवेतही असाच निसटतो. पण कुवेत श्रीमंतीमुळे बाहेर गेला. रवांडात १९९४ च्या एप्रिल ते जुलैमध्ये सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. टेबलात १९९२ नंतर एकदम १९९७ येतं, १९९४ ची ओळच नाही. त्यामुळे त्या ठिपक्यावर माउस नेऊन ‘हे १९९२ ला झालं’ असंही म्हणता येत नाही. चार्ट किती ते सांगतो, का ते इतिहासाच्या पुस्तकात.

उपाय दोन ओळींचा आहे. हद्द बांधण्याआधी दोन्ही रकान्यांचे मिनिमम आणि मॅक्सिमम छापून बघा आणि हद्द त्यांच्या जरा बाहेर ठेवा. इथे वाय २० पासून आणि एक्स दीड लाखापर्यंत पुरे. मग स्लायडर १९८७ वर आणा, रवांडा ४४ वर आहे. एक घर पुढे सरका आणि डावीकडे अगदी तळाशी बघा. अजून एक घर, १९९७, तो ३६ वर येतो. २००७ ला ४६.२.