पदवी विद्यार्थ्यांच्या अभ्याससवयी आणि अभ्यासाचे नियोजन : एक विवेचन

प्रस्तावना

पदवीच्या प्रथम वर्षाचा विद्यार्थी अभ्यास कसा करावा हे शिकूनच आला आहे, असे आपण प्राध्यापक गृहीत धरतो. वस्तुतः बारावीपर्यंत त्याचा दिवस शाळा, शिकवणी आणि घर यांनी मिळून आखलेला असतो. महाविद्यालयात ही चौकट एकाएकी नाहीशी होते आणि तिच्या जागी दुसरी उभी राहत नाही. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार वर्षाचे १२०० अध्ययन तास म्हणजे ४० श्रेयांक, अर्थात एका श्रेयांकास ३० तास. तात्त्विक विषयात त्यांपैकी सुमारे १५ तास वर्गातील अध्यापनाचे असतात. उरलेले विद्यार्थ्याने स्वतः करावयाच्या कामाचे. २० श्रेयांकांच्या सत्रात सर्व विषय तात्त्विक धरल्यास हे काम ३०० तासांचे होते. पंधरा आठवड्यांवर वाटले तर आठवड्यास २० तास. या वीस तासांत विद्यार्थी नेमके काय करतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वाचन आणि आठवण

बहुसंख्य विद्यार्थी वाचतात, अधोरेखन करतात आणि पुन्हा वाचतात. जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा तंत्रांचा आढावा घेतला. त्यात अधोरेखन व पुनर्वाचन ही दोन्ही तंत्रे अल्प उपयुक्ततेच्या गटात गेली. उच्च उपयुक्ततेची ठरली ती दोनच : स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास अंतराअंतराने विभागणे.

यांपैकी पहिल्या तंत्राचा प्रयोग मुळातून समजून घेण्याजोगा आहे. रोडिगर व कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने चारही फेऱ्यांत तो केवळ वाचला. दुसऱ्या गटाने एका फेरीत वाचून पुढील तीन फेऱ्यांत न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत वाचणाऱ्यांना सुमारे ८३ टक्के, तर आठवणाऱ्यांना ७१ टक्के मजकूर सांगता आला. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटले : वाचणारे ४० टक्क्यांवर आले, आठवणारे ६१ टक्क्यांवर राहिले. आपल्याला किती आठवेल याचा अंदाज विचारला असता अधिक आत्मविश्वास वाचणाऱ्यांनीच दाखविला होता. वारंवार वाचलेला मजकूर ओळखीचा वाटतो आणि ती ओळख म्हणजेच ज्ञान असा समज होतो. ‘सर, सगळे येत होते, पेपर हातात आल्यावर काहीच आठवले नाही’ ही तक्रार प्रत्येक निकालानंतर आपण ऐकतो. ती बहुधा खोटी नसते.

आपल्याकडे ही गोष्ट अगदीच नवी नाही. दिवेलागणीला परवचा म्हणण्याच्या प्रथेत पाढे, पावकी, निमकी, औटकी हे सारे रोज, पुस्तकाविना म्हटले जाई. त्यात आठवण होती आणि अंतरही होते. घोकंपट्टीला नावे ठेवताना आपण परवचाही तिच्यातच मोडीत काढला, हे प्रस्तुत लेखकास पटत नाही. अर्थात पाढ्याचे उत्तर एकच असते. दीर्घोत्तरी प्रश्नाचे पाठ केलेले उत्तर प्रश्नाचा शब्द बदलताच कोसळते. म्हणून आठवायचा तो युक्तिवाद, वाक्ये नव्हेत.

वही आणि खोका

वहीची मांडणी हा किरकोळ वाटणारा, परंतु महत्त्वाचा भाग आहे. कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक यांच्या १९६२ च्या पुस्तकामुळे प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत पानाच्या डावीकडे रुंद समास सोडतात. उजवीकडे तासातील टिपणे, समासात नंतर लिहिलेले प्रश्न व सूचक शब्द, आणि तळाशी दोन-तीन ओळींचा सारांश असतो. उजवी बाजू हाताने झाकली की तीच वही प्रश्नपत्रिका होते. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रश्नांची कार्डे कप्प्यांच्या खोक्यात ठेवतात. उत्तर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि तेथे ते अधिक दिवसांनी पाहायचे असते. चुकले की पुन्हा पहिल्या कप्प्यात. यासाठी खर्च लागत नाही. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू आणि चपलांचा रिकामा खोका पुरतो.

काही वर्षांपूर्वी द्वितीय वर्ष कला शाखेची एक विद्यार्थिनी एका विषयात दुसऱ्यांदा अनुत्तीर्ण झाली. घरून शिक्षण थांबविण्याची भाषा सुरू झाली होती. तिची वही मागवून पाहिली तेव्हा प्रस्तुत लेखक संकोचला : तीन रंगांच्या शाईत, सुवाच्य अक्षरात, फळ्यावरचे प्रत्येक वाक्य तिने उतरविले होते. अशा वहीला आपण वर्षानुवर्षे ‘उत्तम’ असा शेरा देत आलो आहोत. ती पहाटेच्या एस.टी.ने येई, दुपारी परते आणि घरकाम आटोपल्यावर रात्री वही वाचता वाचता झोपी जाई. बसमधील जाऊन-येऊन दोन तास तिच्या हिशेबात अभ्यासाचे नव्हतेच, कारण धक्क्यांमुळे वाचता येत नसे. आठवता मात्र येते. प्रत्येक तासानंतर वहीच्या शेवटच्या पानावर तीन प्रश्न लिहायचे आणि परतीच्या बसमध्ये वही न उघडता त्यांची उत्तरे मनात मांडायची, एवढेच ठरले. पुढच्या परीक्षेत ती त्या विषयात उत्तीर्ण झाली. एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही; परंतु तिच्याजवळ वेळ नव्हता असे म्हणणे चूक होते, हे त्यावरून कळले.

वेळेचा अंदाज

विद्यार्थ्यांची वेळापत्रके फसतात ती केवळ आळसामुळे नव्हे. बुएलर, ग्रिफिन व रॉस यांनी १९९४ च्या अभ्यासात पदवी विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत पुरा होईल असे विचारले. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात सुमारे ५५ दिवस लागले. स्वतःच्या अंदाजित मुदतीत काम पुरे करणारे सुमारे ३० टक्केच होते. अंदाज बांधताना माणूस पुढील कामाचे सरळ चित्र पाहतो, मागील अनुभव विचारात घेत नाही. म्हणून ‘रोज चार तास’ या संकल्पापेक्षा मागील आठवड्यात खरोखर किती तास झाले याची नोंद उपयुक्त ठरते. पहिल्या नोंदी लाजिरवाण्या असतात. त्यावर रागावू नये, अन्यथा दुसऱ्या आठवड्यापासून नोंदी खोट्या होतात.

अध्यापकांचा वाटा

विद्यार्थ्याने काम विभागावे अशी अपेक्षा करणारे आपण स्वतः मात्र स्वाध्याय, तोंडी परीक्षा, प्रकल्प आणि प्रात्यक्षिक वह्या यांच्या तारखा सत्राच्या शेवटच्या पंधरवड्यात देतो. अंतर्गत गुण भरण्याची अंतिम तारीख जवळ आल्याशिवाय आपणही हालत नाही. मग सहा विषयांचे सहा स्वाध्याय एका आठवड्यात येतात आणि झेरॉक्सच्या दुकानापुढे रांग लागते. ते उतरवून काढलेले असतात हे आपणास ठाऊक असते आणि तरी आपण त्यावर स्वाक्षरी करतो.

आमच्या विभागात यावर एक साधा उपाय योजला. सत्रारंभीच्या बैठकीत एका मोठ्या कागदावर पंधरा आठवड्यांचे रकाने आखले आणि प्रत्येकाने आपल्या तारखा त्यात लिहिल्या. पहिल्या वेळी चौदाव्या रकान्यात लिहायला जागा उरली नाही. त्या बैठकीतच तीन विषयांचे स्वाध्याय पाचव्या, आठव्या आणि अकराव्या आठवड्यात हलविले गेले आणि तो कागद विद्यार्थ्यांच्या सूचना फलकावर लावला.