गाडी परदेशातली, वाट मुंबई बंदराची

परदेशातून कायमचे परतायचे ठरले की सामानाची यादी सुरू होते. फ्रीज न्यायचा की विकायचा, पुस्तकांची किती खोकी होतील, मुलांच्या सायकलींचे काय, अशी चर्चा होता होता विषय गाडीवर येतो. हप्ते फिटलेले असतात, गाडी जिवापाड जपलेली असते आणि तिथे विकायला काढली तर किंमत मनासारखी येत नाही. मग कुणीतरी सुचवतो, जहाजात घाला आणि घेऊन जा, ड्यूटी भरली की काम झाले. त्या ड्यूटीचा आकडा आणि तिच्या मागेपुढे असलेल्या अटी आधी माहीत नसतील, तर बंदरावर दिवसागणिक डेमरेज, म्हणजे माल न उचलल्याचा आकार, चढत जाते आणि गाडी कंटेनरमध्येच राहते.

सर्वांत आधी हे पक्के समजून घ्यावे की कस्टमच्या लेखी मोटार हे घरगुती सामान नव्हे. दोन वर्षे परदेशी राहून परतणाऱ्याला संसारोपयोगी वस्तूंवर सवलत मिळते, पण त्या सवलतीतून मोटारवाहन वगळलेले आहे. गाडी आली की ती आयात, आणि आयात म्हणजे पूर्ण शुल्क.

वापरलेल्या गाडीसाठीच्या अटी परराष्ट्र व्यापार धोरणात दिलेल्या आहेत. गाडी बनून तीन वर्षांहून जास्त काळ झालेला नसावा. स्टीअरिंग उजवीकडे हवे. स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा. हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा, म्हणजे तो किंचित डावीकडे, रस्त्याच्या कडेकडे झुकलेला असला पाहिजे. नाहीतर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. आणि अशी गाडी उतरवायची ती फक्त मुंबई बंदरात. न्हावाशेवा, चेन्नई, मुंद्रा ही बंदरे नव्या गाड्यांना खुली आहेत, वापरलेल्यांना नाहीत.

एवढ्या अटींतच बहुतेकांचा निकाल लागतो. अमेरिका, दुबई, कतार, जर्मनी, म्हणजे जिथे मराठी माणसे मोठ्या संख्येने नोकरीला गेली, तिथल्या गाड्यांचे स्टीअरिंग डावीकडे. उरले ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर, जपान, मॉरिशस. त्यातही ब्रिटनच्या गाड्यांचा स्पीडोमीटर मुख्यतः मैलांचा. तिथून गाडी आणू पाहणाऱ्याने हा काटा आधी बघावा; एवढ्याशा गोष्टीवर कागद अडतात.

आता पैशांचे बघू. लोकांची सर्वांत मोठी गफलत इथे होते. मित्राकडून स्वस्तात घेतलेल्या गाडीची पावती दाखवली की शुल्क त्या रकमेवर लागेल, असे वाटते. तसे होत नाही. गाडी बनली त्या वर्षीची तिची मूळ किंमत कस्टम धरते आणि ठरलेल्या दराने घसारा वजा करते : पहिल्या वर्षी दर तिमाहीला 4 टक्के, दुसऱ्या वर्षी 3, तिसऱ्या वर्षी अडीच. तीन वर्षे पुरी झालेल्या गाडीला एकूण घसारा मिळतो 38 टक्के, मग बाजारात ती कितीही उतरलेली असो. त्यात जहाजभाडे आणि विमा मिळवायचा. भाड्याचा नक्की आकडा देता आला नाही, तर किमतीच्या 20 टक्के भाडे गृहीत धरले जाते.

या बेरजेवर शुल्क बसते. वापरलेल्या गाडीवर पूर्वी मूळ सीमाशुल्क 125 टक्के होते. फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात ते 70 टक्क्यांवर आणल्याचे वाचून अनेकांच्या आशा पालवल्या. पण त्याच अर्थसंकल्पात 67.5 टक्क्यांचा कृषी पायाभूत सुविधा उपकर आला, आणि समाजकल्याण अधिभार धरून पूर्वी जेवढे व्हायचे तेवढेच, म्हणजे 137.5 टक्के, आजही होतात. चाळीस हजार डॉलरवरच्या नव्या गाडीचेही तसेच आहे : 100 टक्क्यांचे 70 झाले, 40 टक्के उपकर आला, आणि एकूण भार 110 वर कायम राहिला. म्हणजे आपली वापरलेली गाडी आणणारा माणूस नवी कोरी महागडी गाडी मागवणाऱ्यापेक्षा जास्त दराने शुल्क भरतो.

एक हिशेब मांडतो. तीन वर्षांपूर्वी 30 लाखांना मिळणारी गाडी घ्या. घसारा जाऊन राहिले 18 लाख 60 हजार. भाडे आणि विमा मिळून समजा 20 लाख. त्यावर 137.5 टक्के म्हणजे साडेसत्तावीस लाख, झाले साडेसत्तेचाळीस. आता या सगळ्या रकमेवर आयजीएसटी. सप्टेंबर 2025 नंतर मोठ्या गाड्यांना तो 40 टक्के आहे, म्हणजे आणखी 19 लाख. गाडी बंदराबाहेर पडते साडेसहासष्ट लाखांना. पुढे आरटीओचा एकरकमी कर, आयात गाडीला महाराष्ट्रात 20 टक्के. ऐंशी लाखांच्या घरात पोचलो, आणि कस्टमचे काम पाहणाऱ्या एजंटचे बिल, चाचण्यांचा खर्च, रस्त्यावर चालवण्यासाठीचा वाहनविमा अजून धरलेलाच नाही.

चाचण्यांचे प्रकरण पुण्याशी आणि नगरशी जोडलेले आहे. गाडी केंद्रीय मोटार वाहन नियमांत बसते, असे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार मोजक्या संस्थांना आहे. पुण्यात वेताळ टेकडीवरची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई आणि मध्य प्रदेशातले बुधनीचे केंद्र त्यांत येतात. टेकडीवर फिरायला जाणाऱ्या पुणेकरांना एआरएआयचे कुंपण ओळखीचे असते, आत देशभरच्या गाड्यांच्या धुराचे आणि ब्रेकचे मोजमाप चालते, हे सहसा ठाऊक नसते. इथल्या कंपनीच्या गाड्यांना मॉडेलनिहाय मान्यता मिळते, त्यामुळे ग्राहकाला त्याचा पत्ता लागत नाही. एकट्याने आणलेल्या गाडीला ती सोय नाही. शिवाय गाडी पुढची किमान पाच वर्षे रस्त्यावर चालण्याजोगी आहे, असा दाखला निघण्याआधीच घ्यावा लागतो.

इतका कडकपणा कशासाठी? त्याला इतिहास आहे. 1928 पासून मुंबईत शिवडीला जनरल मोटर्स परदेशी सुटे भाग जोडून गाड्या बनवत असे. 1953 मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर, ज्यांच्याकडे इथेच उत्पादन करण्याचा कार्यक्रम नाही त्यांनी थांबावे, असे धोरण ठरले आणि तो कारखाना बंद झाला. कुर्ल्याच्या प्रीमियरसारख्या कारखान्यांना त्या धोरणाच्या भिंतीचे संरक्षण मिळाले. आज चित्र बदलले असले तरी भिंतीचा दुसरा उपयोग मला पूर्ण पटतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार 2015 ते 2018 या काळात जगात 1 कोटी 40 लाख वापरलेल्या हलक्या गाड्यांची निर्यात झाली, आणि त्यातल्या सर्वांत जास्त आफ्रिकेत गेल्या. त्यांतल्या कितीतरी श्रीमंत देशांनी धुरामुळे, ब्रेकमुळे नाकारलेल्या होत्या. आपल्या शहरांच्या हवेत अशा गाड्यांची भर नको. तीन वर्षांची अट राहावी, चाचण्याही राहाव्यात.

पण व्यापारी आणि परतणारा माणूस यांना शुल्काच्या एकाच मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते. दोन वर्षे सलग बाहेर राहून कायमचा परतणारा, गाडी किमान वर्षभर स्वतःच्या ताब्यात असलेला, अशा माणसाची वेगळी नोंद नियमात आहे. त्याला काही अटींतून सूट मिळते आणि आणलेली गाडी दोन वर्षे विकता येत नाही. म्हणजे हा नफ्यासाठी आणत नाही, हे सरकारने मान्य केलेले आहे. मग शुल्कात फरक का नसावा? सगळ्यांत जास्त मला खटकते ते दिव्यांग चालकांबाबत. हाताने ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर चालवता येईल, अशी शरीराच्या मापाने बदललेली गाडी हा त्या माणसाच्या स्वावलंबनाचा भाग असतो. एक कुटुंब, एक गाडी, ठरावीक वर्षे विक्रीबंदी, एवढ्या अटींवर अशा गाडीचे शुल्क सरकार सहज उतरवू शकेल. महसुलाला त्याने धक्का बसणार नाही.

भेट मिळालेली गाडीही सुटत नाही. 2002 मध्ये ब्रॅडमनच्या 29 कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल सचिन तेंडुलकरला फेरारी 360 मोडेना मिळाली. सरकारने तिचे 1 कोटी 13 लाखांचे शुल्क माफ केले, त्यावर गदारोळ झाला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि शेवटी ते शुल्क फियाट कंपनीने भरले.

चोरवाटा आहेत आणि त्यांत फसतो तो बहुधा शेवटचा खरेदीदार. राजदूतांच्या नावे शुल्कमुक्त गाड्या आणून बाहेर विकणारी टोळी महसूल गुप्तचर संचालनालयाने जुलै 2021 मध्ये पकडली. सप्टेंबर 2025 मध्ये केरळात कस्टमने भूतानमार्गे आलेल्या गाड्यांसाठी छापे घातले. तुम्ही पूर्ण पैसे मोजले असले तरी शुल्क चुकवून आलेली गाडी जप्त होऊ शकते. म्हणून इथे कुणाची आयात गाडी विकत घेत असाल, तर आरसी बुकावर विसंबू नका. मूळ बिल ऑफ एंट्री आणि शुल्क भरल्याची पावती मागा, चासी नंबर ताडून पाहा.

काही काळापुरती गाडी आणायची असेल, तर मात्र सरळ वाट आहे : कार्ने. पर्यटक आपल्या देशातल्या मोटार संघटनेकडे हमीची रक्कम ठेवून ही वही घेतो; प्रत्येक सीमेवर आत येताना आणि बाहेर पडताना तिचे पान फाडून शिक्का बसतो, आणि शुल्क न भरता भारतात सहा महिने गाडी फिरवता येते. ती परत बाहेर गेलीच नाही, तर शुल्क हमीतून वसूल होते. उलट दिशेनेही हीच वही चालते. एमएच पाटीची मोटार किंवा बुलेट घेऊन लंडनकडे निघणाऱ्यांना ती मुंबईत चर्चगेटला, वीर नरीमन रस्त्यावरच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनमध्ये मिळते.

आणि गाडी 50 वर्षांहून जुनी असेल, तर 2025 पासून ती परवान्याविना आणता येते. शुल्क भरावे लागतेच. नोंदणी 2021 च्या व्हिंटेज नियमांखाली होते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, आणि ती रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच रस्त्यावर येते.