विश्लेषण : डायलिसिस सुरू असताना रक्तदाब का कोसळतो?

मीरा रोडच्या शांती नगरात असो वा राज्यात अन्यत्र, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणाऱ्या रुग्णाच्या घरी एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘आज किती पाणी काढले?’ जास्त पाणी निघाले म्हणजे उपचार चांगले झाले, असा समज त्यामागे असतो. मात्र किती पाणी काढले याइतकेच ते किती वेगाने काढले, हेही महत्त्वाचे असते.

पाणी नेमके कोठून निघते?

मूत्रपिंडे निकामी झाली की लघवी कमी होते किंवा थांबते. पाणी पायांत, फुप्फुसांत साठते. यंत्र मात्र ते तेथून थेट काढू शकत नाही. ते फक्त रक्तातून निघते. ६० किलो वजनाच्या व्यक्तीत सुमारे सव्वाचार लिटर रक्त असते आणि त्यातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, तीन लिटरच्या आत असतो. या रुग्णाचे वजन दोन डायलिसिसच्या मध्ये तीन किलोंनी वाढले, तर चार तासांत तीन लिटर पाणी काढावे लागते. म्हणजे अख्ख्या प्लाझ्माइतके!

मग रक्त आटत का नाही?

रक्तातील पाणी कमी होताच त्यातील प्रथिने, विशेषतः अल्ब्युमिन, आसपासच्या पेशीजालातील पाणी रक्तवाहिन्यांत ओढून घेतात. विहिरीसारखाच हा प्रकार आहे. उपसा झऱ्यांच्या वेगात असेल तर पातळी टिकते, उपसा वाढला की विहीर तळ गाठते. अल्ब्युमिन कमी असेल तर हे झरे मंदावतात. मधुमेह किंवा कमकुवत हृदय असल्यास शरीराला रक्तदाब सांभाळणेही कठीण जाते. मग चक्कर, जांभया, मळमळ, पायांत गोळे येणे अशी लक्षणे दिसतात.

धोका केवळ चक्कर येण्याचा आहे का?

नाही. रक्तदाब वारंवार कोसळल्यास हृदयाच्या स्नायूंना पुरेसे रक्त मिळत नाही आणि हळूहळू हृदय कमकुवत होते. ताशी प्रतिकिलो १३ मिलिलिटरपेक्षा अधिक वेगाने पाणी काढलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण जास्त असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. ६० किलोंच्या रुग्णासाठी ही मर्यादा ताशी ७८० मिलिलिटर, म्हणजे चार तासांत जेमतेम तीन लिटर होते. वजन चार किलोंनी वाढले असेल तर सगळे पाणी एकाच वेळी काढण्याचा आग्रह घातक ठरू शकतो. अशा वेळी डॉक्टर वेळ वाढवतात किंवा जादा सत्र देतात. ‘आज तीन तासांतच सोडा’ ही विनंती म्हणूनच महागात पडते. वेळ घटला की वेग वाढतो किंवा पाणी अंगातच राहते.

यंत्राला अंदाज येतो का?

काही यंत्रांत रक्त किती दाट होत आहे हे मोजणारा सेन्सर असतो. रक्ताचे आकारमान झपाट्याने घटू लागले की उपसा कमी करता येतो. डायलिसिसच्या द्रावणाचे तापमान थोडे कमी ठेवल्यानेही रक्तदाब टिकण्यास मदत होते. ‘ड्राय वेट’, म्हणजे जादा पाणी नसतानाचे वजन, वेळोवेळी तपासावे लागते. रुग्ण खरोखर जाड किंवा बारीक झाला की हा आकडा बदलतो.

घरी काय करता येईल?

पाण्यावर नियंत्रण ठेवायचे तर आधी मिठावर हवे. सुमारे नऊ ग्रॅम मीठ शरीरात लिटरभर पाणी धरून ठेवते. लोणचे, पापड, फरसाण, वडापाव खाल्ल्यावर तहान लागणारच. मधुमेहींत वाढलेली साखरही तहान वाढवते. वजन रोज एकाच काट्यावर करावे. दोन दिवसांच्या मोठ्या खंडात अधिक जपावे. रक्तदाबाच्या गोळ्या डायलिसिसच्या सकाळी घ्याव्यात की नाही, हे डॉक्टरांनाच विचारावे. उपचार सुरू असताना भरपेट खाणे टाळावे, कारण रक्त पोटाकडे वळून दाब उतरू शकतो. डायलिसिसनंतर एकदम उठू नये. लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने सोबत कोणीतरी ठेवावे. आणि घरच्यांनी ‘किती पाणी काढले?’ याबरोबर ‘ताशी किती काढले?’ हेही जरूर विचारावे.