हुरडा, रोपे, कांदा विकणाऱ्या संकेतस्थळाचे पहिले पान कसे असावे?

शेतमालाच्या थेट विक्रीसाठी किंवा कृषी पर्यटनासाठी स्वतःचे संकेतस्थळ असावे, असे आता बऱ्याच जणांना वाटते. त्यासाठी खर्चही केला जातो. परंतु संकेतस्थळ तयार झाले म्हणजे ग्राहक आला, असे होत नाही. पुण्यातील कुटुंब डिसेंबरमध्ये मोबाईलवर ‘रांजणगावजवळ हुरडा पार्टी’ असे शोधते, समोर आलेल्या पहिल्या चार-पाच नावांपैकी एकाला फोन लावते आणि शोध तेथेच थांबवते. आपले नाव त्या चार-पाचांत नसेल, तर हुरड्याचा जेमतेम दोन महिन्यांचा हंगाम हातचा जातो. म्हणून संकेतस्थळाचे पहिले पान, ज्याला होम पेज म्हणतात, ते शोधयंत्राला नीट समजेल असे लिहून घ्यावे. हे काम संगणक जाणणाऱ्यावर सोपवले तरी त्यात काय लिहायचे, हे आपणच ठरवावे लागते.

शोधयंत्र पान कसे वाचते

गूगलसारखे शोधयंत्र आपण प्रश्न विचारल्यावर साऱ्या जगात धावत नाही. त्याची स्वयंचलित प्रणाली अगोदरच पाने वाचत फिरते आणि कोणत्या पानावर काय आहे याची नोंद ठेवते. ग्राहकाने प्रश्न विचारला की या नोंदवहीतून जुळणारी पाने काढून त्यांचा क्रम लावला जातो. बाजार समितीत मालाची आवक नोंदली गेली नाही तर लिलाव होत नाही, तसेच हे आहे. आधी नोंद, मग क्रम.

यंत्राचा मुख्य आधार म्हणजे टाईप केलेला मजकूर. पुष्कळ जण छापखान्यातून करून घेतलेले सुंदर हस्तपत्रकच चित्र म्हणून पहिल्या पानावर लावतात. माणसाला त्यात गावाचे नाव, फोन, दर सर्व दिसते. यंत्राला मात्र ते प्रामुख्याने एक चित्र असते. त्यावरील अक्षरे त्याने बरोबर वाचावीत, या भरवशावर राहू नये.

मराठी पानांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरे व चिन्हे. शोधयंत्राला ती निरर्थक वाटतात. मजकूर युनिकोडमध्येच असावा. याची परीक्षा सोपी आहे. पानावरील एक ओळ उचलून गूगलच्या शोधचौकटीत चिकटवावी. मराठी जशीच्या तशी उमटली तर ठीक. भलतीच अक्षरे आली तर सर्व मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. मोबाईलवरील नेहमीचा मराठी कळफलक युनिकोडच वापरतो, त्यामुळे नवा मजकूर थेट मोबाईलवर लिहिला तरी चालतो.

कोणते रांजणगाव?

आपल्या भागात याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावयास हवे. अष्टविनायकांपैकी महागणपतीचे रांजणगाव आपल्याला एकच वाटते. शोधयंत्राच्या दृष्टीने तसे नाही. शिरूर तालुक्यातच रांजणगाव गणपती आणि भीमेकाठचे रांजणगाव सांडस अशी दोन गावे आहेत. शेजारच्या पारनेर तालुक्यात रांजणगाव मशीद, कोपरगाव तालुक्यात रांजणगाव देशमुख, तर गंगापूर तालुक्यात वाळूज औद्योगिक वसाहतीला लागून रांजणगाव शेणपुंजी. त्यातही औद्योगिक वसाहत आपल्याकडेही आहे आणि तिकडेही, म्हणजे घोटाळ्यात भरच. बरे, तालुका सांगून भागावे तर शिरूरही एक नाही. बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे.

म्हणून नुसते ‘मु. पो. रांजणगाव’ लिहू नये. गाव, तालुका, जिल्हा, पिन कोड आणि जवळची ठळक खूण असा पूर्ण पत्ता पहिल्या पानावर टाईप करावा. ‘रांजणगाव गणपती, ता. शिरूर, जि. पुणे, पुण्याहून सुमारे ५० किलोमीटर, महागणपती मंदिराजवळ’ असे लिहिल्यास ग्राहकालाही कळते आणि यंत्रालाही. सातबाऱ्यावर गट नंबर जसा लागतो, तसाच हा भाग समजावा.

लोकांच्या तोंडची नावेही मजकुरात यावीत. शिरूर गावाला आजही कित्येक जण घोडनदी म्हणतात. अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ मध्ये झाले, तरी लोक ‘पुणे-नगर रस्ता’ असेच शोधतात. एखाद्या वाक्यात दोन्ही नावे सहज बसवता येतात. शिवाय बरेच ग्राहक मराठी बोलतात पण शोधताना इंग्रजी अक्षरे वापरतात. त्यांच्यासाठी गावाचे व मालाचे नाव इंग्रजी अक्षरांतही एकदा द्यावे. याच तालुक्यातील मोराच्या चिंचोलीचे पाहा. महाराष्ट्रात चिंचोल्या पुष्कळ, पण मोराची म्हटले की चुकायला जागा राहत नाही. तेथील कृषी पर्यटनाला या नावाचा किती आधार असेल, ते सांगायला नको!

शीर्षक आणि पहिला परिच्छेद

प्रत्येक पानाला एक शीर्षक असते. ते शोधाच्या यादीत ठळक अक्षरांत दिसते. अनेक संकेतस्थळांवर तेथे नुसते ‘होम’ किंवा ‘सुस्वागतम्’ असते. ही जागा वाया घालवू नये. आठ-दहा शब्दांत काय मिळते व कोठे मिळते, एवढे सांगावे. उदाहरणार्थ, ‘हुरडा पार्टी व कृषी पर्यटन, रांजणगाव गणपती, ता. शिरूर, पुणे’. त्याखाली दिसणारे दोन ओळींचे वर्णनही आपणच लिहून द्यावे. त्याने क्रम वाढत नाही आणि गूगल कधी कधी ते बदलूनही टाकते, पण वाचणारा पुढे यावा की नाही हे बऱ्याच वेळा त्यावरून ठरते.

पानावरील पहिल्या परिच्छेदात ग्राहक फोनवर जे विचारतो त्याची उत्तरे असावीत. हुरडा कोणत्या तारखेपासून मिळेल, कोणत्या जातीचा आहे, माणशी दर किती, जेवण आहे का, गाडी लावायला जागा आहे का, आधी कळवावे लागते का. जात अवश्य लिहावी. सुरती, गुळभेंडी किंवा महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले उत्तरा अशी नावे जाणकार ग्राहक नेमकी शोधतो. ‘आम्ही दर्जेदार सेवा देतो’ अशा वाक्यांनी पान भरते, पण कोणी ते शब्द शोधत नाही.

एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहिल्याने क्रम वाढतो, हा समज चुकीचा आहे. अशा भरतीला गूगल गैरप्रकार मानते. पानाच्या आत लपवून ठेवायचे ‘कीवर्ड’ आपण क्रम लावताना विचारात घेत नाही, असे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे. त्यासाठी कोणी वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नयेत. रोपवाटिका, कांदा व हुरडा असे तीन व्यवसाय असतील, तर पहिल्या पानावर प्रत्येकाची थोडक्यात ओळख द्यावी आणि तेथून स्वतंत्र पानांना जोड द्यावी.

मोबाईल आणि वेग

ग्राहक बहुधा मोबाईलवर असतो, आणि गूगलही आता पानाची मोबाईलवर दिसणारी बाजूच प्रामुख्याने वाचते. मोबाईलने काढलेले एक छायाचित्र सहज तीन-चार एमबीचे असते. अशी दहा छायाचित्रे लावली की पान उघडेपर्यंत माणूस कंटाळतो. प्रत्येक छायाचित्र १००-२०० केबीपर्यंत कमी करावे आणि सोबत ‘शेकोटीवर भाजलेला हुरडा’ असे वर्णन जोडावे. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, असे गूगलचे मार्गदर्शन आहे.

दुसऱ्यांची शिफारस

लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल सुरू केले ते एका साध्या विचारावर. ज्या पानाकडे इतर चांगली पाने बोट दाखवतात, ते पान महत्त्वाचे. गावात कर्जाला जामीन कोण राहतो यावरून पत ठरते, त्यातलाच हा प्रकार. आपली शेतकरी उत्पादक कंपनी किंवा येऊन गेलेल्या शाळेचे संकेतस्थळ यांनी आपल्या पानाची जोड दिली तर उपयोग होतो. पैसे देऊन शेकडो जोड विकत घेणे मात्र नियमाविरुद्ध आहे आणि त्यात पान मागे पडू शकते. ‘पहिला नंबर खात्रीने’ असे सांगणाऱ्याशी करार करू नये. अशी खात्री कोणीही देऊ शकत नाही, हे गूगलनेच स्पष्ट केले आहे. यादीच्या वर पैसे देऊन दिसणारी जाहिरात ही वेगळी गोष्ट आहे. पैसे थांबले की तीही थांबते.

नकाशावर दिसण्यासाठी गूगल बिझनेस प्रोफाइल ही मोफत नोंद करून घ्यावी. तेथील नाव, पत्ता व फोन पहिल्या पानाशी तंतोतंत जुळावेत. या नोंदीबरोबर पूर्वी मिळणारे फुकटचे संकेतस्थळ गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केले, तेव्हा स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ असणे बरे. त्याचे नूतनीकरण वेळेवर करावे आणि नाव आपल्याच नावावर व ई-मेलवर नोंदलेले आहे ना, हे पाहून घ्यावे.

पान केव्हा तयार करावे

नव्या पानाची नोंद व्हायला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात, आणि क्रम वर यायला त्याहून अधिक. म्हणून रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते, त्याच सुमारास हुरड्याचे पानही लिहून व्हावे. गूगल सर्च कन्सोल या मोफत सोयीत संकेतस्थळ नोंदवल्यास पान नोंदवहीत आले की नाही आणि लोक कोणते शब्द शोधून आले, हे दिसते. महिन्यातून एकदा ते शब्द पाहून मजकुरात सुधारणा करावी. हंगाम संपला की पान काढून टाकू नये. ‘या वर्षीचा हुरडा संपला, पुढील हंगाम डिसेंबरमध्ये’ असे तारखेसह लिहून तेच पान त्याच पत्त्यावर ठेवावे आणि पुढील वर्षी फक्त तारखा व दर बदलावेत.