गुंता होऊ नये म्हणून

नाथसागराचे फोटो काढायला येणारी मंडळी पाण्याकडे तोंड करून उभी राहतात. रोहित पक्षी, कलतं ऊन, दूरवर एखादी होडी. पाठीमागे काठावर जे चाललेलं असतं, ते सहसा फोटोत येत नाही. तिथं बांबूंवर जाळं ताणलेलं असतं, त्याच्या दोन कडांना दोन माणसं बसलेली असतात आणि त्यांच्या बोटांमधून दोरी हळूहळू सरकत असते. मासळी केव्हाच विकून झालेली असते. आता चाललेलं असतं ते उद्याचं काम, म्हणजे जाळं नीट लावून ठेवणं. मासेमारीवर बोलताना आपण टाकणं आणि ओढणं एवढ्याच दोन क्रिया धरतो. ठेवणं ही तिसरी क्रिया, आणि पहिल्या दोन्ही तिच्यावर उभ्या आहेत.

छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेला साधारण ५० किलोमीटरवर पैठण. तिथल्या जायकवाडी धरणाचा जलाशय म्हणजे नाथसागर. या धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्री यांनी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. जवळपास दहा किलोमीटर लांबीची भिंत, २७ दरवाजे, सुमारे १०२ टीएमसी एकूण साठा. हे आकडे मराठवाड्यात पोराटोरांनाही पाठ असतात, कारण दर पावसाळ्यात वर्तमानपत्रं त्यांची उजळणी करून घेतात. गोदावरीत मासे धरणाऱ्या भोई समाजाचा धंदा या आकड्यांनी कसा पालटला, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

नदीत मासा कुठं असणार याचा अंदाज बांधता येतो. डोह ठाऊक असतो, धार ठाऊक असते, कपारी ठाऊक असतात. तिथं फेकजाळं चालतं. एका माणसानं खांद्यावर घ्यायचं, कमरेतून झोक देऊन फेकायचं, पाण्यावर गोल पसरलं की शिशाच्या वजनानं ते खाली बसतं. धरणाच्या विस्तीर्ण पाण्यात मासा पांगतो. तिथं त्याच्या मागं धावण्यापेक्षा त्याच्या वाटेत भिंत उभी करून रात्रभर थांबणं शहाणपणाचं. ही भिंत म्हणजे कल्ल्यात अडकवणारं जाळं, ज्याला मत्स्यव्यवसाय खात्याच्या कागदांत गिलनेट म्हणतात. वरच्या दोरीला बोये, खालच्या दोरीला शिसं, मध्ये नायलॉनचा जवळजवळ न दिसणारा पडदा.

दोन जाळ्यांतला फरक ठेवण्याच्या बाबतीत लगेच कळतो. फेकजाळं शेंड्याच्या दोरीनं खुंटीला टांगलं की शिसं आपोआप खाली लोंबतं आणि सगळे पदर सरळ होतात. एक खुंटी, एक जाळं, काम संपलं. गिलनेटला मात्र टांगायला शेंडा नसतो. त्याला असतात दोन कडा, एक तरंगणारी आणि एक बुडणारी. त्या दोन्ही एकमेकींत अडकायला सदैव तयार असतात.

<b>सैलपणा हेच यंत्र</b>

त्यात हे जाळं मुद्दाम सैल बांधलेलं असतं. ताणून १०० मीटर भरणारा नायलॉनचा पट्टा साधारण ५० मीटर दोरीवर चुणून बांधला, तरच त्याची घरं उघडी राहतात आणि पडदा पाण्यात लवचिक लोंबतो. घट्ट बांधलेल्या जाळ्यावर मासा आपटून मागं फिरतो. सैल जाळ्यात तो डोकं घालतो, पुढं अंगाला घर घट्ट बसतं, आणि मागं सरायला जावं तर दोरा कल्ल्यात रुततो. पाण्यात कामी येणारा हाच सैलपणा जमिनीवर डोकेदुखी होतो. दोरीच्या दुप्पट कापड म्हटल्यावर गुंत्याला जागाच जागा.

घराचा आकार, म्हणजे आस, हा या यंत्राचा दुसरा भाग. घर लहान असलं तर मोठा मासा त्यात डोकंच घालू शकत नाही, मोठं असलं तर लहान मासा आरपार निघून जातो. म्हणजे एका जाळ्यात ठरावीक अंगाचाच मासा लागतो. चिलापीचं जाळं वेगळं, रोहूचं वेगळं, थोराड कटल्याचं आणखी वेगळं. आस बोटांनी मोजायची रीत जुनी आहे. घरात किती बोटं बसतात त्यावरून जाळ्याची ओळख ठरते.

एवढ्या तऱ्हेची जाळी लागू लागली त्यामागं एक प्रयोगशाळेतली गोष्ट आहे. रोहू, कटला, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पियूष ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांचं प्रजनन घडवून आणलं. त्यानंतर मत्स्यबीज हवं तेव्हा, हवं तेवढं मिळण्याची वाट खुली झाली आणि देशभरच्या धरणांत ते सोडलं जाऊ लागलं. चिलापी १९५२ मध्ये भारतात आणलेला आफ्रिकेचा मासा, तो तर कुणी न सोडताही पसरत गेला. एकाच पाण्यात लहानमोठ्या अंगाचे इतके मासे आल्यावर मच्छीमाराच्या घरातल्या जाळ्यांची संख्याही वाढली, आणि पहाटे अंधारात हात घालून हवं तेच जाळं काढता येणं ही गरज झाली.

<b>उलट्या क्रमाची शिस्त</b>

ठेवण्याचा नियम एका वाक्यात सांगता येतो: जे शेवटी ठेवलं, ते पहिल्यांदा पाण्यात जाणार. म्हणून आवरायला सुरुवात होते ती उद्या ज्या टोकानं जाळं संपणार, तिथून. आधी मासे सोडवून घ्यायचे, मग काटक्या, पाणगवत, शिंपले वेचायचे. धरणात बुडालेल्या बाभळींचे काटे याच वेळी हाताला लागतात. मग जाळं धुऊन खवले आणि चिकटा काढायचा आणि वाऱ्यावर सुकवायचं. सुकलं की एकानं बोयांची दोरी धरायची, दुसऱ्यानं शिशाची, आणि साडीच्या निऱ्या घालाव्यात तसे पदरावर पदर घ्यायचे. बोये सगळे एका बाजूला, शिसं सगळं दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजू चिंधीनं सैल बांधल्या की जाळं पोत्यात किंवा क्रेटमध्ये जातं आणि सुरुवातीचं टोक तोंडाशी, हाताला लागेल असं राहतं.

एवढं केलं असेल तर उद्या होडीत एक जण वल्हं मारतो आणि दुसरा एकटा जाळं सोडू शकतो. केलं नसेल तर डुलत्या होडीत, अपुऱ्या उजेडात, वाऱ्याशी झगडत गुंता सोडवत बसावं लागतं. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून हे करायची वेळ आली तर ते जिवावरचंच काम. जाळ्यात पाय अडकून पाण्यात पडण्याची भीती खरी असते.

पोत्यांना खूण हवीच. दोन पोत्यांतली जाळी बाहेरून सारखीच दिसतात, पण एकात चिलापीचं आणि दुसऱ्यात कटल्याचं. वेगळ्या रंगाची चिंधी किंवा दोरीला मारलेल्या गाठी एवढ्यावर काम भागतं. आस आधी, लांबी नंतर, रंग किंवा कंपनी सगळ्यात शेवटी, या क्रमानं मांडणी केली की चूक होत नाही.

सुती आणि तागाच्या जाळ्यांच्या काळात ठेवण्याचा शत्रू होता ओल. जाळं न सुकवता गोळा करून टाकलं की कुजायचं, म्हणून झाडाच्या सालींच्या काढ्यात ते पुन्हा पुन्हा बुडवून काढावं लागे. नायलॉन आलं आणि कुजण्याचा प्रश्न मिटला. जाळी घरी विणण्याऐवजी विकत आणणं सुरू झालं. १९७६ मध्ये, म्हणजे जायकवाडीच्या उद्घाटनाच्याच वर्षी, पुण्यात गरवारे वॉल रोप्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुढं दोर आणि मासेमारीची जाळी यांत तिनं देशाबाहेरही नाव कमावलं. पण नायलॉननं शत्रू बदलला, संपवला नाही. उन्हातले अतिनील किरण त्याचा कस काढून घेतात. दिसायला धड वाटणारा दोरा महिनोन्‌महिने उन्हात पडला तर मोठ्या माशाच्या पहिल्या झटक्याला तुटतो. म्हणून सुकवायचं वाऱ्यावर, ठेवायचं सावलीत. आणि नीट धुतलेलं नसलं तर माशाच्या वासावर उंदीर येतात, ते वेगळंच.

<b>गळ, पीस आणि कसर</b>

सगळेच मासे जाळ्यात सापडत नाहीत. वांब सापासारखी सडपातळ, ती घरातून निसटते. मरळ दगडधोंडे आणि गवतात दबा धरून बसते, तिला जिवंत आमिष लावलेला गळच हवा. लांब दोरीला ठरावीक अंतरावर गळ बांधलेले असले की ठेवण्याचा प्रश्न आणखी तीक्ष्ण होतो, कारण जाळं फक्त गुंततं, गळ टोचतो. जगभरच्या मच्छीमारांनी यावर शोधलेलं उत्तर जवळपास एकच आहे. दोरी टोपलीत वेटोळी घालून ठेवायची आणि गळ टोपलीच्या काठावर ओळीनं, उतरण्याच्या क्रमानं अडकवायचे.

हौसेनं मासे धरणाऱ्यांनाही हेच कोडं चुकलेलं नाही. आपल्या दख्खनी नद्यांतल्या महासीर माशाची शास्त्रीय ओळख कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या नमुन्यांवरून करून दिली. १८७३ मध्ये हेन्री सलिव्हन थॉमस यांचं ‘द रॉड इन इंडिया’ आलं आणि हा मासा इंग्रज शिकाऱ्यांच्या डोक्यात बसला. पुढं त्याची संख्या रोडावली, तेव्हा लोणावळ्याजवळ वळवण इथं टाटांच्या वीज कंपनीनं त्याची पैदास सुरू केली. अशा मोठ्या माशासाठी गळावर पिसं आणि केस बांधून मोठी खोटी माशी बनवतात. लहान माश्या डबीत फोमच्या खाचांत शेकड्यानं मावतात. मोठ्या माशीचं तसं नाही. आखूड डबीत घातली की पिसं मुडपतात आणि मुडपलेली माशी पाण्यात वाकडी पोहते. ओली ठेवली तर गळ गंजून डाग पिसांवर उतरतो. कोरडी पण उघडी ठेवली तर पिसांना कसर लागते.

त्यावर तोडगे निघाले ते भोयांच्या तोडग्यांहून वेगळे नाहीत. खोल डबा घ्यायचा, प्रत्येक माशी तिच्या पूर्ण लांबीत सरळ ठेवायची, वापरलेली आणि कोरडी एकत्र करायची नाही, मांडणी रंगावर न करता आकारावर करायची. काही जण माशी नळीवर बांधतात आणि गळ वेगळा ठेवतात. पिसांचा भाग एका डब्यात, लोखंड दुसऱ्यात, दोन्ही जोडायचे ते पाण्याशी गेल्यावर.

<b>सरकणारा काठ</b>

मग जाळ्यांसाठी काठावर पक्कं शेड का नाही? समुद्रकिनारी बंदराच्या आराखड्यात जाळी दुरुस्तीचं शेड धरलेलं असतं. नाथसागराची अडचण अशी की त्याचा काठ एका जागी राहत नाही. धरण १५२२ फुटांपर्यंत भरतं तेव्हा पाणी शेताच्या बांधाला लागलेलं असतं. उन्हाळ्यात ते सपाट गाळपेरावरून दूर मागं जातं आणि दुष्काळी वर्षात तर जिवंत साठाच संपतो. पावसाळ्यात पाण्याशी असलेलं शेड मे महिन्यात पाण्यापासून कोसभर लांब पडेल. शिवाय १९८६ पासून हा परिसर पक्षी अभयारण्य आहे, बांधकामाला तिथं मोकळीक नाही. म्हणून इथलं गोदाम म्हणजे पोतं. काठाबरोबर सरकणारं, डोक्यावर घेऊन चालता येणारं. त्यातली शिस्त हीच त्याची भिंत आणि छप्पर.

ही शिस्त सुटली की त्याची किंमत पाण्यालाही मोजावी लागते. गुंतलेलं जाळं कापून टाकणं सोपं वाटतं, पण नायलॉन कुजत नाही. सोडून दिलेला तुकडा माणसाशिवायच मासे धरत राहतो, पाणपक्ष्यांचे पाय अडकवतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सदस्य देशांनी २०१८ मध्ये मासेमारीच्या साधनांवर ओळखखूण करण्याची मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली, ती याच कारणासाठी. हरवलेलं जाळं कुणाचं हे कळलं तर ते शोधायला कुणी तरी जाईल. पोत्याला बांधलेली चिंधी जाळ्याच्या दोरीलाही बांधली, तर त्या दिशेनं अर्धं काम होतं.

मच्छीमार संस्थांच्या सभासदांना जाळी आणि होड्यांसाठी सरकारी अनुदान मिळतं, ते मिळायलाच हवं. त्याबरोबर सावलीपुरती एक ताडपत्री, दोन-चार झाकणाचे क्रेट आणि आसेनुसार रंगीत खुणा एवढं दिलं, तर खर्च जाळ्याच्या मानानं किरकोळ आहे. नवीन जाळं पहिल्या हंगामात कुणाच्याही हातात मासे देतं. दुसऱ्या हंगामात ते देतं की नाही, हे ते ठेवणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतं.