फीड : निवडून वाचण्याची सवय

मोबाईलवर मुलांपुढे काय यावे, हे बहुधा कंपनी ठरवते. ‘आरएसएस फीड’मध्ये ते आपण ठरवतो. १९९९ साली नेटस्केपने ही पद्धत आणली. निवडलेल्या संकेतस्थळावर नवीन मजकूर आला की त्याचे शीर्षक व दुवा ‘फीड रीडर’मध्ये आपोआप येतो. गूगल रीडर २०१३ मध्ये बंद झाले. फीड मात्र चालूच आहेत. पॉडकास्टही त्यावरच चालतात.

विज्ञानाच्या तासाला आम्ही नासाचे फीड उघडतो. विद्यार्थी शीर्षके वाचून एक बातमी निवडतात, कारण सांगतात आणि चार ओळींचे सार मराठीत लिहितात. बातमी इंग्रजीत असते. समजल्याशिवाय ती मराठीत उतरत नाही. पालकांनी घरी एवढेच विचारावे : आज काय निवडलेस, आणि का?