शेजारी कोण?

पंढरपुरात हा विषय मांडायचा, तर आपण लक्ष्मीबाई टिळकांपासून सुरुवात करू. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर लक्ष्मीबाई काही काळ नातलगांकडे इथेच, पंढरपुरात राहिल्या. पुढे त्या टिळकांकडे गेल्या, पण सोवळं सोडलं नाही. पाणी वेगळं, चूल वेगळी. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही.

मग त्या बदलल्या कशाने? वादात हरून नव्हे. जात देवाने केली की माणसाने, हा विचार त्यांनी स्वतःच केला आणि शिवाशीव सोडली. १९०० साली राहुरीला त्यांचा बाप्तिस्मा झाला.

लूकच्या शुभवर्तमानात एक शास्त्री येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? त्याला खरं तर यादी हवी आहे, म्हणजे यादीबाहेरच्यांची जबाबदारी नको! येशू गोष्ट सांगतो. जखमी वाटसरूला टाळून याजक आणि लेवी पुढे जातात. थांबतो तो परका मानलेला शोमरोनी. आणि येशू उलट विचारतो, या तिघांत शेजारी कोण ठरला?

म्हणजे शेजारी शोधायचा नसतो, आपण व्हायचं असतं. लक्ष्मीबाईंनी प्लेगच्या साथीत आजारी मुलींची शुश्रूषा केली. सोवळ्याची रेघ पुसली नसती, तर ते हात तिथवर पोचलेच नसते.

हे आपल्या गावाला परकं नाही. विठ्ठलाचं दार सर्वांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली इथेच उपोषण करावं लागलं. श्रद्धा कोणतीही असो, तिची परीक्षा उंबऱ्यावरच होते.